मजकूर नसलेली भिंत

स्पर्धेचे नियम एका पानात मावत होते. जग संपल्यानंतरच्या शहरात घडणारा एक छोटा, फुकट खेळायचा व्हिडिओ गेम. तो बनवणारी मंडळी तीन-चार देशांत पसरलेली, सगळी हौशी. त्यांना भिंती, फरश्या, पत्रे आणि रस्ते यांची टेक्श्चर्स हवी होती आणि ती त्यांनी खेळणाऱ्यांकडूनच मागवली होती. प्रत्येक चित्र चौरस, २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचं. चारही बाजूंनी जोडता येईल असं. फोटो स्वतः काढलेला. चित्रात माणूस नको, कंपनीचं चिन्ह नको आणि मजकूर नको. बक्षीस म्हणजे खेळाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत आपलं नाव.

टेक्श्चर म्हणजे काय ते आधी सांगते. खेळातली इमारत म्हणजे आतून पोकळ खोका. तिच्या भिंतीला जाडी नसते, आत विटा नसतात. वर एक चित्र चिकटवलेलं असतं आणि तेच चित्र फरशीसारखं शेजारी शेजारी लावत नेलेलं असतं. चित्रासोबत दोन-तीन नकाशे असतात. एक सांगतो, पृष्ठभाग कुठे उंच आहे आणि कुठे खोल. दुसरा सांगतो, तो कुठे खरखरीत आहे आणि कुठे गुळगुळीत. यांच्या जोरावर, प्रकाश पडला की सपाट चित्र ओलसर भिंतीसारखं दिसायला लागतं.

अशी मदत खेळणाऱ्यांकडून मागण्यात नवीन काही नाही. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत घडणाऱ्या 'वेस्टलँड २' या खेळासाठी २०१२ साली लोकवर्गणी जमली, आणि त्याच वर्षी कंपनीने खेळातल्या वस्तूंची त्रिमितीय मॉडेल्ससुद्धा बाहेरच्या कलाकारांकडून मागवली. खेळ २०१४ला आला. प्रलय उभा करायला भरपूर सामान लागतं. मोडलेलं एकच टेबल शंभर ठिकाणी दिसलं तर खेळणाऱ्याचा विश्वास उडतो.

मी दिवसा अंधेरीतल्या एका ऑफिसात हेच काम उलट्या दिशेने करते. नवीन टॉवरच्या जाहिरातीत दिसणारी लॉबी, न मळणारा संगमरवर, बाल्कनीच्या काचेवर पडलेलं संध्याकाळचं ऊन, हे सगळं आमच्याकडे बनतं. त्या भिंतींवर कधी पाऊस पडत नाही. त्यामुळे रात्री घरी बसून मोडक्या भिंती करायच्या, ही कल्पना मला फार आवडली. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला सामान शोधायला लांब जावं लागणार नाही, असंही वाटलं.

खेळांमधला प्रलय बऱ्याच अंशी मोजक्या ठिकाणांहून आलेला आहे. त्यातलं एक म्हणजे युक्रेनमधलं प्रिप्यात. चेर्नोबिलच्या अपघातानंतर, २७ एप्रिल १९८६ रोजी, तिथल्या सुमारे ४९ हजार लोकांना बसमध्ये बसवून बाहेर नेलं गेलं. २००७ साली आलेला 'स्टॉकर' हा खेळ कीव्हच्या कंपनीने बनवला. तिचे लोक त्या निषिद्ध भागात जाऊन फोटो काढून आले होते. पोपडे सुटलेला फिकट निळा रंग, उघडी खिडकी, जमिनीवर विखुरलेली वह्यांची पानं, ही भाषा तिथून सगळीकडे गेली. तिच्यात एक गोष्ट गृहीत आहे: माणसं एका दिवशी निघून गेली आणि त्यानंतर भिंतीला कोणी हात लावला नाही.

जुलैतल्या एका ढगाळ रविवारी मी घाटकोपरपासून सुरुवात केली. टेक्श्चरसाठी ऊन नको असतं. सावली फोटोत पक्की बसली की पुढे ती काढता येत नाही. भटवाडीच्या बाजूने चढत गेले. तिथे हवं ते सगळं होतं. हिरवं-काळं शेवाळ, गंजलेले पत्रे, त्यांवर डांबराचे ठिपके, फुगून पडलेला गिलावा, आतून डोकावणारी सळई. काँक्रीटमध्ये पाणी शिरतं, सळईला गंज चढतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि तो वरचा थर फोडून बाहेर येतो. प्रिप्यात असो की घाटकोपर, हे असंच घडतं. फरक त्यानंतर सुरू होतो. घाटकोपरमध्ये फुटलेल्या जागी कोणीतरी येऊन सिमेंट थापतं. ते मूळ भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं, त्यात थापीचे वळसे उमटलेले असतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या कडेने पुन्हा चीर जाते, मग तिथे पांढरं काहीतरी भरलं जातं. एका चौरस फुटात मला पाच वेळा केलेली दुरुस्ती मोजता आली.

आणि मजकूर. मजकूर नसलेली भिंत सापडेना. नळ दुरुस्तीवाल्याचा नंबर, क्लासची जाहिरात, घराचा सर्व्हे नंबर, निवडणुकीचं पुसट चिन्ह, 'येथे कचरा टाकू नये', शुभ-लाभ. जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून बसवलेल्या देवादिकांच्या टाइल्स: साईबाबा, शेजारी येशू, शेजारी मक्का. हा नमुना प्रिप्यातमध्ये मिळणार नाही. पण नियमाप्रमाणे हे सगळं पुसायचं होतं, आणि नियम नसता तरी पुसावंच लागलं असतं. जे एकदाच असतं ते टेक्श्चरमध्ये चालत नाही. साईबाबांची टाइल दर दोन मीटरला आली की भिंत खोटी ठरते. म्हणून भिंतीवरची प्रत्येक ओळखीची खूण शोधायची आणि तिच्यावर शेजारचा अनोळखी भाग ओढायचा. हे काम मी वर्षानुवर्षं करते आहे. फक्त या वेळी मला प्रत्येक खुणेमागचा माणूस ठाऊक होता, किंवा निदान त्याचा फोन नंबर.

परतताना मेट्रोतून असल्फाची टेकडी दिसली. २०१७च्या अखेरीस स्वयंसेवकांनी तिथल्या घरांच्या दर्शनी भिंती गुलाबी, पिवळ्या, निळ्या रंगवल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची तुलना इटलीतल्या पोझितानोशी केली होती. प्रवाशांना खिडकीतून वस्ती सुंदर दिसू लागली. मला तो उपक्रम वाईट वाटत नाही. रंग कोणाला नको असतो? पण रंग लागला तो बाहेरून दिसणाऱ्या बाजूला. आमच्या धंद्यात यालाच टेक्श्चर म्हणतात.

मी आठ चित्रांचा संच पाठवला. त्यातली दोन मुलुंडची होती, माझ्या आत्याच्या बिल्डिंगमधली. आठवड्याभराने एका परीक्षकाचं मत आलं. काम नेटकं आहे, जोड दिसत नाहीत, पण एक अडचण आहे: या भिंती सोडून गेलेल्या लोकांच्या वाटत नाहीत, यांच्यामागे कोणीतरी अजून राहतंय. शक्य असेल तर जिन्याची भिंत बदलून पाठवा.

त्याने हे कशावरून ओळखलं, ते मी शोधायला बसले. अक्षर एकही उरलं नव्हतं. मग खरखरीतपणाचा नकाशा उघडला. त्यात गुळगुळीत जागा काळी दिसते आणि खरखरीत जागा पांढरी. जमिनीपासून साधारण तीन फुटांवर एक काळसर पट्टा भिंतभर आडवा गेला होता. त्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूने चढणारे भिंतीला हात टेकत चढतात. चाळीसहून अधिक वर्षं, बारा बिऱ्हाडं. ऑइलपेंट तेवढ्या उंचीवर हातांनी घासून घासून काचेसारखा झाला होता. रंगीत फोटोत तो पट्टा जेमतेम दिसतो. नकाशात लपत नाही. परीक्षकाच्या पडद्यावर दिवा फिरला असेल आणि भिंत नेमकी तिथे चमकली असेल.

मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग बरोबरच आहे की त्याचं. आम्ही राहतोच आहोत." मग थोड्या वेळाने, "आणि मोडकं काय आहे त्यात? गेल्या वर्षीच जिन्याचा गिलावा केला. घरटी चार हजार काढले."

बिल्डिंग मिठागर रोडच्या बाजूला आहे. फाटकाशेजारी नोटीस लागलेली होती. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं आणि अहवालावरून तिला वर्ग मिळतो. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. आत्याची सी-१. पुनर्विकासाची बोलणी आधीपासून चालू होती. बिल्डरने रहिवाशांना माहितीपुस्तिका दिली होती आणि तिच्यात 'आज' आणि 'उद्या' अशी दोन चित्रं होती. 'उद्या'मध्ये आमच्या ऑफिसात बनतो तसा संगमरवर. 'आज'मध्ये आत्याची बिल्डिंग, रंग मुद्दाम उतरवून करडी केलेली, खिडकीत वाळत घातलेले कपडे काढून टाकलेले. कपडे काढायला किती वेळ लागला असेल, ते मी अंदाजाने सांगू शकते. वीस मिनिटं.

म्हणजे 'आज'चं चित्र आणि स्पर्धेची मागणी एकच होती. घर पडकं दिसायला हवं असेल तर आधी त्यातली माणसं पुसावी लागतात. माणसं दिसली की लोक विचारतात, हे कुठे जाणार?

याचा अर्थ सी-१ खोटं होतं असा नाही. २५ जुलै २०१७ला घाटकोपरच्या दामोदर पार्कात चार मजली इमारत कोसळली. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं. १७ माणसं गेली. वरून नीट दिसणारी भिंत आतून काय आहे ते माझ्यासारखीला फोटोवरून कळणार नाही. त्यासाठी काँक्रीटमध्ये भोक पाडून नमुना घेणारा इंजिनियर लागतो. आत्याच्या बिल्डिंगचा नमुना घेतला होता. गंज आतपर्यंत पोचला होता. हाताने घासलेल्या भिंतीचं मला कौतुक आहे, पण तिच्याखाली कोणी झोपावं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच म्हणायचंय की 'धोकादायक' आणि 'ओसाड' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आमच्या उपनगरांत पहिल्याच्या जागी दुसरा फार सहज वापरला जातो.

परीक्षकाला खरोखर सोडून दिलेली जागा हवी होती, म्हणून मी बोरिवलीला कान्हेरीला गेले. नॅशनल पार्कातल्या या लेण्यांत जवळजवळ हजार वर्षं बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. शंभरावर लेणी, पाण्याची टाकी, बसायचे ओटे. मग ती माणसं खरोखरच गेली. आता भिंत मोकळी मिळेल असं वाटलं, तर तिथेही मजकूर. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. कोरणारे पारशी प्रवासी होते आणि मजकूर मुख्यतः आपापल्या नावांचा. लेणी बघायला आलो होतो, एवढंच.

मग ऑफिसपासून रिक्षाने जाण्याइतका जवळ असलेला, अंधेरीचा गिल्बर्ट हिल उरला. साठेक मीटर उंचीचे, उभ्या खांबांसारखे फुटलेले काळे बेसॉल्टचे कडे. हा डोंगर डायनोसॉर संपले त्या वेळचा, असं सर्रास सांगितलं जातं. पण 'करंट सायन्स'मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार त्याचं वय सुमारे ६ कोटी ५ लाख वर्षं आहे, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतर पन्नास-साठ लाख वर्षांनी थिजलेला हा लाव्हा. प्रलयानंतरचा पृष्ठभाग म्हणून याहून अस्सल नमुना अख्ख्या मुंबईत मिळणार नाही. खाली चहूकडून इमारती आणि झोपड्या भिडलेल्या, वर गावदेवीचं मंदिर. कड्याचा फोटो घेताना चौकटीत सतत काहीतरी येत होतं: केबलची वायर, कुणाची पाण्याची टाकी, दोरीवरची चादर. दोन तास थांबून मला एक रिकामा चौरस मिळाला.

तो मी पाठवला. जिन्याची भिंत मात्र बदलली नाही. तीही संचात तशीच राहू दिली.

निकालात माझा संच पहिल्या तिनांत नव्हता. गिल्बर्ट हिलचा दगड कुठल्याशा बोगद्यात लागला. जिन्याची भिंतही घेतली त्यांनी, पण पडक्या शहरात नाही. खेळात एक टप्पा आहे, जिथे वाचलेली माणसं एकत्र राहतात. स्वयंपाक करतात, वस्तूंची अदलाबदल करतात, तिथे बंदुकीला मनाई आहे. त्या जागेच्या जिन्याला मुलुंडची भिंत आहे. खेळणारा मशाल घेऊन चढला की तीन फुटांवरचा पट्टा चमकतो.

आत्याला मी लॅपटॉपवर दाखवलं. तिने जिना ओळखला नाही. खालच्या चौकात बादल्या घेऊन उभी असलेली माणसं बघून तिने विचारलं, "यांना पाणी किती वाजता येतं?"

गणपती झाल्यावर ती भाड्याच्या घरात गेली, स्टेशनपलीकडे, लिफ्ट असलेल्या इमारतीत. जुनी बिल्डिंग नोव्हेंबरात पाडली. मूळ फोटो माझ्याकडे वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, काहीही न पुसलेले. त्यातल्या एकात मीटरच्या खोलीचं दार आहे, आणि त्यावर खडूने लिहिलंय: पाणी सकाळी ५:४० ते ७:१०, मोटर जोशींनी लावावी.