ओळ कोठे संपते?

जुन्या पोथीत ओवी सलग लिहिलेली आढळते. कागदाची कड आली की अक्षरे खाली उतरतात. चरण कोठे संपला हे दंड आणि यमक सांगतात. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, ही रचना कानाला ठाऊक असते. त्यामुळे नकलकाराने ओळी पाडल्या नाहीत तरी ओवी मोडत नाही. मुक्तछंदाला हे संरक्षण नाही. यमक व ठराविक अक्षरसंख्या यांचा आधार सोडल्यावर त्याची लय पुष्कळ अंशी ओळीच्या तोडणीवर उभी राहते, आणि ही तोडणी प्रथम डोळ्यांना कळते.

कविता संगणकाच्या डेटाबेसमध्ये साठविताना हा भेद अधिक तीव्र होतो. तेथे ओळीचा शेवट हाही एक अदृश्य वर्णच असतो. टेलिप्रिंटरची कॅरेज डावीकडे परत आणणे आणि कागद एक ओळ पुढे सरकविणे या दोन क्रियांना आस्की संकेतप्रणालीत अनुक्रमे १३ आणि १० हे क्रमांक मिळाले. विंडोजमध्ये ही जोडी रूढ आहे, युनिक्समध्ये केवळ दुसरा वर्ण. तो नोंदीत शाबूत असला तरी एचटीएमएलच्या पानावर सामान्यतः त्याची साधी मोकळी जागा होते आणि कविता गद्यासारखी सलग वाहू लागते. उपाय म्हणून नोंदीतच ‘बीआर’ ही खूण घातली, तर मांडणीची खूण संहितेत शिरते. मूळ वर्ण तसाच राखून दाखविताना त्याचे रूपांतर करणे अधिक निर्दोष.

अधिक अवघड प्रश्न याच्या आधीचा आहे: कोणती तोडणी कवीची आणि कोणती मुद्रकाची? छापील पुस्तकात लांब ओळ जागेअभावी खाली येते. ती नवी ओळ नव्हे. पान संपते तेथे कडवेही संपले काय, हे पान सांगत नाही. गद्यात ओळीचा शेवट हा मुद्रणाचा अपघात असतो, कवितेत तो अर्थाचा घटक असतो. यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच. म्हणजे प्रत्येक तोडणी ठेवताना वा गाळताना नोंद करणारा संहितानिश्चितीच करीत असतो. हे काम केवळ टंकलेखनाचे मानले जाते, ही चिंतेची बाब आहे. चुकीचा शब्द वाचकाला बहुधा खटकतो. चुकीने जोडलेल्या दोन ओळी खटकत नाहीत. त्या कविता म्हणूनच वाचल्या जातात, आणि मूळ पुस्तक दुर्मीळ झाले की तीच कविता मागे उरते.