तोबरा

टांगा जुंपण्यापूर्वी त्याच्याभोवती एक फेरी घालावी, प्रत्येक चाकावर हात ठेवून पाहावा आणि मगच घोड्याला दांड्यांमध्ये घ्यावे, असा आजोबांचा परिपाठ होता. टांगा जाऊन पन्नास वर्षे लोटली. परंतु फेरी घालण्याची सवय काही सुटली नाही. दारात पाहुण्यांची मोटार उभी राहिली, तरी आजोबा काठी टेकीत तिच्याभोवती फिरून येत.

तरुणपणी ते कोपरगाव स्टेशनापासून शिर्डीपर्यंत टांगा हाकीत असत. साईबाबांच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी दूरदूरचे यात्रेकरू दौंड-मनमाड मार्गावरील त्या स्टेशनावर उतरत आणि गोदावरी ओलांडून शिर्डीस येत. शिर्डीला स्वतःचे रेल्वे स्टेशन मिळाले ते २००९ साली. तोवर आजोबांचा घोडाही नव्हता आणि टांगाही. उरला होता तो फक्त घोड्याला चंदी चारण्याचा जाड कापडाचा तोबरा. ओसरीतल्या खुंटीवर तो अजून टांगलेला होता.

२०२३ च्या मे महिन्यात त्या घरापुढे एक मोटार उभी होती आणि ती पाहुण्यांची नव्हती. सूनबाई बँकेत अधिकारी होत्या. त्यांची बदली कोलकात्यास झाली होती. मोठे सामान ट्रकने आधीच रवाना झाले होते. माणसे मात्र घरच्या छोट्या गाडीतून जावयाची होती. नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा सोळाशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा रस्ता! आजोबा बरोबर येणार की गावीच राहणार, हे मात्र कोणी उघडपणे विचारले नव्हते. मुलगा विचारावयास धजत नव्हता आणि आजोबा आपण होऊन बोलत नव्हते.

गाडी हायब्रिड होती. हा शब्द आपल्या खेड्यांना नवा नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले, तेव्हापासून शेतकऱ्याच्या तोंडी तो रुळला आहे. ज्वारीत दोन वाणांचा संकर, तसा या गाडीत दोन शक्तींचा. एक पेट्रोलचे इंजिन आणि एक विजेची मोटर. जपानमध्ये १९९७ साली ‘प्रियस’ नावाची अशी गाडी विक्रीस आली आणि पुढे ही युक्ती जगभर पसरली. गाडी सावकाश चालत असता पुष्कळदा वीजच तिला ओढते. वेग वाढला की इंजिन हातभार लावते. ब्रेक लावला किंवा उतार लागला म्हणजे फिरणारी चाकेच मोटरला फिरवितात, वीज तयार होते आणि ती बॅटरीत साठते. थोरल्या नातीने हे समजावून सांगितले तेव्हा आजोबा चकित झाले.

“उतारावर घोड्याने मला कधी काही परत दिले नाही, पोरी! उलट त्यालाच सावरावे लागे,” ते म्हणाले.

तयारीला चाकांपासून प्रारंभ झाला. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला होता. सिमेंट काँक्रीटचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आणि त्यात वैशाखाचे ऊन. अशा रस्त्यावर टायरची खरी परीक्षा होते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो. दबण्याने तापतो आणि फार तापला तर फुटतो. म्हणून गाडी रात्रभर उभी राहून टायर थंड झाले असताना, सकाळीच हवा मोजावी लागते. भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी, याचा आकडा निराळा असतो. तो नातीने पुस्तिकेतून शोधून काढला. टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, असा नियम आहे. चारही टायर त्या कसोटीस उतरले. जॅक आणि पाना सामानाच्या तळाशी न जाता हाताशी राहतील, अशी व्यवस्था झाली.

कागदपत्रांचे काम बाबांकडे होते. विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र तर हवेच. शिवाय दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची म्हणजे तेथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. शिर्डीकडील गाड्यांवर ‘एमएच १७’ हा श्रीरामपूर कार्यालयाचा क्रमांक असतो. या दाखल्यापायी बाबांना श्रीरामपूरच्या फेऱ्या घडल्या. पण त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही.

या धावपळीत गाडी तीन आठवडे जागची हलली नव्हती. एका सकाळी कळ दाबली तर ती मुळी जागीच होईना! मोठ्या बॅटरीत वीज होती. परंतु तिला जागे करण्याचे काम बारा व्होल्टची एक लहान बॅटरी करते आणि तीच उतरली होती. मेकॅनिकने ती बदलली. “घोडा तगडा, पण लगामच तुटलेला,” एवढेच आजोबा पुटपुटले.

मग सामान भरण्याचा दिवस आला. धाकट्या नातवाने सारे जड डबे पाठीमागच्या टोकाला रचले. ते पाहून आजोबांनी काठी आपटली.

“अरे, गाडी उलाळ होईल!”

उलाळ म्हणजे मागून जड. दोन चाकांचा टांगा उलाळ झाला की दांड्या वर उचलल्या जातात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा त्याला काचतो. पुढून जड झाला तर सारा भार त्याच्या पाठीवर पडतो. चार चाकांच्या गाडीला हे तितके बाधत नाही, तरी मागे फार भार झाल्यास पुढची चाके हलकी होतात आणि गाडी हवी तशी वळत नाही. जड डबे खाली, मागच्या आसनाला अगदी टेकून ठेवले गेले आणि हलकी गाठोडी वर गेली.

मागच्या आसनाच्या एका बाजूस मात्र घरातल्या गाद्या-उशा कोंबून बसविल्या होत्या. त्यांच्याआड आजोबांना एक जाळी दिसली. “ही कशाची?” त्यांनी विचारले. नात पुस्तिका घेऊन धावली. मोठी बॅटरी काम करताना तापते; तिला गार ठेवण्यासाठी पंखा या जाळीतून आतली हवा ओढून घेतो. ती कधीही झाकू नये, असे स्पष्ट लिहिले होते.

“म्हणजे हे तिचे नाक!” आजोबा म्हणाले. “तोंडाला तोबरा बांधून कोणी घोडा पळवितो काय?”

गाद्या तत्काळ बाहेर निघाल्या. जाळीत धुळीचा थर आणि मांजराचे केस अडकलेले होते. नातीने मऊ ब्रशने ते झाडून काढले. जवळच्या नारिंगी तारांना मात्र तिने बोट लावले नाही. त्या रंगाच्या तारांतून धोकादायक दाबाची वीज वाहते, हे तिने त्याच पुस्तिकेत वाचले होते.

शेवटचे काम वजनाचे. माणसांसह चारशे किलोंपेक्षा अधिक भार गाडीवर घालावयाचा नव्हता. ओसरीत वजनकाटा मांडला गेला. बाबा ७२, आई ६१, मुलगी ३८ आणि मुलगा २७, असे १९८ किलो झाले. सामान भरले १९० किलो. “तीनशे अठ्ठ्याऐंशी! बसते आहे,” असे म्हणून सूनबाईंनी वहीत बेरजेखाली रेघ ओढली.

आजोबा बाकावरून उठले. त्यांनी काठी भिंतीला टेकविली, वहाणा काढल्या आणि ते काट्यावर जाऊन उभे राहिले. काटा ५२ वर स्थिरावला.

“सूनबाई, यादीत एक ओझे राहून गेले आहे.”

कोणी काही बोलले नाही. सूनबाईंच्या हातातील पेन्सिल थांबली. मग त्यांनी ती रेघ खोडली. बेरीज चारशे चाळीस झाली. त्या स्वतः उठल्या आणि पितळी भांड्यांची पेटी त्यांनी गाडीतून उतरविली. पाठोपाठ शिलाईचे यंत्र उतरले. बाबांनी पुस्तकांचा खोका हातात घेतला, दोन पुस्तके काढून बाजूला ठेवली आणि उरलेला खोका शेजाऱ्यांकडे नेऊन दिला. तो सर्वांत जड होता. पुन्हा वजन झाले तेव्हा बेरीज ३९६ आली. आजोबांनी खुंटीवरचा तोबरा काढला. हवा मोजण्याचे यंत्र आणि विजेरी त्यात घालून नातीने तो आपल्या पायाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोकमठाणजवळ गाडी महामार्गावर चढली. बाबांनी वेग नव्वदच्या पुढे जाऊ दिला नाही. दोन तासांनी एका पेट्रोल पंपावर ते थांबले. सारे चहाकडे वळले. आजोबा मात्र गाडीभोवती फेरी घालू लागले. तिसऱ्या चाकाशी ते थबकले.

“हे फार तापले आहे.”

नातीने तोबऱ्यातून यंत्र काढले. वाटेतील उष्णतेने तीन टायरांतील हवेचा दाब सकाळपेक्षा वाढला होता. चौथ्यातला मात्र बराच उतरला होता. पंपावरच्या पंक्चरवाल्याने चाक काढून पाण्यात बुडविले. बुडबुडे निघत होते तेथे बोटाच्या पेराएवढा एक खिळा रुतून बसलेला होता.

पंक्चर काढून गाडी पुन्हा नागपूरच्या वाटेला लागली, तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. आजोबा जाळीच्या बाजूला, तिला पाय लागणार नाही असे अंग चोरून बसले होते. त्यांचा तळहात टायरच्या धुळीने अजून काळा होता.