पाठीमागच्या क्लिपा

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीजवळच्या एका जुन्या वाड्यात पैठण्यांचं कॅटलॉग शूट होतं. सकाळपासून अकरा साड्या झाल्या होत्या. मुलगी अंगानं बारीक, ब्लाऊज दुकानातले, ढगळ. म्हणून तिच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत काळ्या क्लिपा लावलेल्या. पुढून सगळं चापूनचोपून. बारावी साडी आटोपली, मी लाइट बंद केले, आणि ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. उतरतं ऊन गजांमधून तिरपं आत आलं होतं. तिनं मान जराशी वळवली. दिवसभर मी सांगेन तसं हसलेला तो चेहरा आता कुणाचंच ऐकत नव्हता. मी एकच फोटो काढला, क्लिपांसकट.

दुकानदारांनी तो बाजूला सारला. “सर, यात पदर कुठंय?” त्यांचं बरोबरच होतं, ते पदराचे पैसे मोजत होते. मी मात्र रात्री उशिरापर्यंत तोच फोटो उघडून बसलो.

अशा वेळी छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष आठवतात. रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस जाहिरातीच्या धंद्यात शिरला, 1980 च्या सुमाराला नटनट्यांच्या चेहऱ्यांकडे वळला आणि 2011 साली जाईपर्यंत त्यांच्यातच रमला. त्यांची कितीतरी कामं मासिकांच्या मुखपृष्ठांसाठीची. मुखपृष्ठ स्टॉलवर अंक खपवण्यासाठीच असतं, महिना सरला की रद्दीत जातं. पण त्यांचं ‘चेहरे’ हे पुस्तक उघडावं, तर गालावरून हळूहळू सावलीत उतरणारा तो मऊ उजेड पाहताना ही कुठल्या सिनेमाच्या वेळची नटी, हे विचारायचं राहूनच जातं. सौंदर्य खुलवणं हे त्यांचं काम होतं आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली असेल, असं मला त्या पानांवर कुठंच दिसत नाही.

असंच काम पाहायला आम्हा इथल्या फोटोवाल्यांना तर अजिंठा शंभरेक किलोमीटरवर आहे. मी तिथं कॅमेऱ्याशिवाय जातो. आत फ्लॅश चालत नाही. पूर्वी परिचर दाराशी आरसा धरून बाहेरचं ऊन आत वळवत, आज आम्ही रिफ्लेक्टर धरतो तसंच. सोळाव्या लेण्यात बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या बायकोचं चित्र आहे. नवरा भिक्षू झाल्याची बातमी आली आहे, आणि तिची मान कलली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत. रंग बराच उडालाय, तरी ती मान अजून कललेलीच आहे. हे लेणं कोरवून घेतलं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं, पाचव्या शतकात; तसा लेखच तिथं आहे. म्हणजे ही ऑर्डरच. कुणीतरी पैसे दिले, विषय ठरला, भिंत नेमून दिली. ती मान किती कलवायची, हे मात्र ज्याच्या हाती कुंचला होता त्यालाच उमगलं असणार. त्याचं नाव कुठंच नाही. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की धंद्याचा फोटो वेगळा आणि आपला वेगळा, ही माझी जुनी वाटणी मला पटेनाशी होते.

परवा त्या मुलीला फोटो पाठवायचा होता. पाठवण्याआधी विचारलं, “पाठीवरच्या क्लिपा काढून टाकू का? पाच मिनिटांचं काम आहे.”

ती म्हणाली, “नको सर, राहू द्या. दिवसभर त्याच तर टोचत होत्या.”