भुईचाफा, मुक्काम नारायणगुडा

नारायणगुडा म्हटलं की हैदराबादच्या मराठी माणसाला केशव मेमोरियल शाळा आठवते. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू झालेली. आता इथे उड्डाणपूल आहे, २०२० पासून मेट्रोचं स्टेशन आहे आणि अंगणाच्या जुन्या घरांच्या जागी आमच्यासारखी अपार्टमेंट्स. खालच्या जमिनीला ऊन मिळेनासं झालंय. अशा ठिकाणी हट्टाने गुलाब लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आमच्या इमारतीच्या उत्तरेला, भिंत आणि पार्किंगच्या मधे, दोन फूट मातीची पट्टी उरली आहे. तिथे भुईचाफा आहे. नावात चाफा असला तरी कूळ आल्या-हळदीचं, आणि सवय रानातल्या झाडांच्या सावलीची. तेलुगूत याला कोंडकलुवा म्हणतात, म्हणजे डोंगरावरचं कमळ!

होळीच्या सुमारास, एकही पान नसताना, जमिनीतून थेट फूल वर येतं. पांढऱ्या लांबट पाकळ्या, खाली जांभळी पाकळी. देठ जवळजवळ नाहीच, त्यामुळे वास घ्यायला उकिडवं बसावं लागतं. फूल एकच दिवस टिकतं, पण शेजारी दुसरं तयार असतं. पानं मागाहून येतात आणि पावसात फोफावतात. वरून रुपेरी नक्षी, मागून जांभळट.

अडचण हिवाळ्यात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळतात. तेव्हा पाणी बंद करायचं, नाहीतर गड्डे कुजतात. पुढचे तीन-चार महिने तिथे नुसती माती. मग मीटिंगमध्ये टाइल्सचा विषय निघतो, कारण तेवढ्यात दोन स्कूटर मावतील. गेल्या जानेवारीत मी फक्त होळीपर्यंत थांबा म्हटलं. मार्चमध्ये पहिलं फूल वॉचमननेच पाहिलं आणि वरच्या मजल्यावरची मुलं फोन घेऊन खाली धावली. टाइल्सचा विषय पुढे ढकललाय, सुटलेला नाही.

म्हणून यंदा मी गड्डे वाटतेय. बाल्कनीत दुपारचं ऊन येत नसेल तर उत्तमच. पसरट कुंडी घ्या, निचरा चांगला ठेवा, पालापाचोळ्याचं खत घाला आणि गड्डा दोन इंच खोल लावा. कुंडीवर नाव मात्र ठळक लिहा. हिवाळ्यात रिकामी समजून कोणीतरी त्यात कोथिंबीर पेरतंच.