'मस्ट'चा भूतकाळ

गेल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी निबंधाला विषय दिला होता : 'माझा भाऊ'. खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्याला इंग्रजी निबंध म्हणजे संकटच! पण विषय जिव्हाळ्याचा होता. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि दादा नुकताच कॉलेजात जाऊ लागला होता. वर्षाच्या आत त्याचे कॉलेज सुटले आणि तो शेती पाहू लागला. ही सारी हकिकत मी मोठ्या तळमळीने एका वाक्यात घातली : 'माय ब्रदर मस्ट हॅव लेफ्ट कॉलेज.' म्हणजे, दादाला कॉलेज सोडावे लागले.

वही परत आली. वाक्याखाली लाल रेघ आणि समासात प्रश्न : 'तुला नक्की ठाऊक नाही का?'

मी चक्रावलो. तास संपल्यावर सरांना गाठले. सर हसून म्हणाले, "अरे, याचा अर्थ 'भावाने कॉलेज सोडले असणार' असा झाला! सख्ख्या भावाविषयी तर्क कसले करतोस? 'हॅड टू लीव्ह' लिही."

शाळेत आम्ही 'मस्ट म्हणजे च पाहिजे' एवढेच घोकले होते. 'यू मस्ट गो', तू गेलेच पाहिजे. पण 'ही मस्ट बी हंग्री' म्हटले की त्याच्यावर भुकेची सक्ती नसते. सक्ती असते ती बोलणाऱ्याच्या मनावर, तोच निष्कर्ष काढण्याची. गंमत अशी, की इतका जोरकस शब्द घालूनही वाक्य दुबळेच होते. 'तो घरी आहे' असे प्रत्यक्ष पाहणारा म्हणतो; 'तो घरी असलाच पाहिजे' असे दारातली चप्पल पाहणारा म्हणतो! नकाराची तर आणखीच तऱ्हा. 'मस्ट नॉट' म्हणजे 'गरज नाही' नव्हे. 'मुळीच करू नये'. गरज नसेल तर 'नीड नॉट' म्हणावे लागते.

मग ग्रंथालयात जाऊन मोठा शब्दकोश उघडला. हत्तीला मद येतो त्यालाही इंग्रजीत 'मस्ट' म्हणतात. तो शब्द फारसी 'मस्त'वरून, म्हणजे आपल्या 'मस्त'चाच भाऊ! सक्तीचा 'मस्ट' मात्र निराळ्या कुळातला. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ होता 'मुभा असणे', आणि आजचे रूप हे त्याच्या भूतकाळाचे. मुभेची सक्ती झाली आणि कालचे रूप आजचे झाले. म्हणूनच या शब्दाला आता स्वतःचा भूतकाळ उरलेला नाही. कालची सक्ती सांगायची तर 'हॅड टू'च्या दारात जावे लागते.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो. रात्री दादाबरोबर पिकाला पाणी द्यायला गेलो होतो. निबंधाची गोष्ट सांगितली आणि सहज विचारले, "दादा, तुला कॉलेज सोडावं लागलं ना?"

दादाने बारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतले. मग म्हणाला, "लागलं कुठलं? कोण मागं लागलं होतं? आई तर शीकच म्हणत होती. मलाच वाटलं, आता सोडायला पाहिजे. सोडलं. तू सातवीत होतास."

मी गप्प झालो. इतकी वर्षे मी दादाला परिस्थितीने ओढून नेलेला माणूस समजत होतो. 'लागले' आणि 'पाहिजे' यांत केवढे अंतर! पहिली सक्ती बाहेरून येते. दुसरी माणूस स्वतःच स्वतःवर घालतो. सरांनी मागे एका तासाला सांगितलेही होते, की 'हॅव टू' बहुधा बाहेरच्या सक्तीला आणि 'मस्ट' आतल्या निश्चयाला. दादासाठी हवा होता तो 'मस्ट'च. पण त्याला भूतकाळ नाही!

वहीत 'हॅड टू' ही दुरुस्ती मी केव्हाच केली होती. वाक्य आता व्याकरणाला धरून आहे. पण दादाचे मन त्यात नाही. आणि समासातला तो प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. मला नक्की ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

(द्वितीय वर्ष, कला)