कंपनी अंगात येते तेव्हा

ग्रँट मॉरिसन हे नाव कॉमिक्स वाचणाऱ्यांना माहीत असतं. बॅटमॅन, सुपरमॅन लिहिणारे हे स्कॉटिश लेखक मंत्र-तंत्रवाली जादूही करतात आणि ते उघडपणे सांगतात. २००३ साली छापलेल्या ‘पॉप मॅजिक’ या त्यांच्या लेखात एक कल्पना आहे: मोठ्या कंपन्यांचे लोगो म्हणजे आपल्या काळातली सगळ्यात यशस्वी सिद्ध चिन्हं.

या चिन्हाला ते लोक ‘सिजिल’ म्हणतात. ऑस्टिन ऑस्मन स्पेअर या लंडनच्या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची सोपी पद्धत काढली. इच्छा एका वाक्यात लिहायची, पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं खोडायची, उरलेल्या अक्षरांची गुंफण करून एक आकृती काढायची, तिच्यावर मन एकाग्र करायचं आणि मग ती विसरून जायची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ‘केऑस मॅजिक’ नावाचा पंथ सुरू झाला, त्याने हीच पद्धत उचलली. मॉरिसन त्याच परंपरेतले.

आता नाइकीची खूण आठवा. १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या पोर्टलंडच्या विद्यार्थिनीने ती ३५ डॉलरमध्ये काढून दिली. नाइकी ही ग्रीकांची विजयाची देवी. आज त्या खुणेखाली नाव लिहायचीही गरज पडत नाही. बुटावर, टी-शर्टवर आपणच ती मिरवतो, वर पैसेही देतो.

‘सिजिल’ हा शब्द लॅटिनमधल्या मोहोरेच्या शब्दावरून आलाय. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यातही नोंदणीचे परिणाम सांगताना कंपनीची स्वतःची मोहोर असते असं म्हटलं होतं. २०१५ च्या दुरुस्तीत मोहोर ऐच्छिक झाली. त्याच कलमातली दुसरी गोष्ट मात्र तशीच राहिली: अखंड अस्तित्व. माणसं येतील, जातील, मरतील, कंपनी राहील.

माझा जादूवर विश्वास नाही. पण या मंडळींची परिभाषा मला कामाची वाटते. एखादं ठरावीक काम करायला साधक मनाने जे अस्तित्व घडवतो, त्याला ते ‘सर्व्हिटर’ म्हणतात. त्याला नाव द्यायचं, रूप द्यायचं, काम नेमून द्यायचं. अनेक माणसांच्या एकत्रित लक्षावर आणि श्रद्धेवर पोसलं जाणारं अस्तित्व म्हणजे ‘एग्रेगोर’. ते पुरेसं मोठं झालं की घडवणाऱ्यांचं ऐकेनासं होतं, स्वतःला जगवणं हेच त्याचं काम होऊन बसतं. म्हणून सर्व्हिटर घडवतानाच त्याचा शेवट ठरवून ठेवा, असा सल्ला दिला जातो. कोड लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. लूप लिहिताना तो कुठे थांबणार, हे आधी लिहायचं असतं.

हे सगळं मला एरवी गंमत म्हणून आवडलं असतं. पण मागच्या नोकरीत एका गुरुवारी आमच्या टीममधल्या सहा जणांना कॉलवर घेतलं गेलं. मॅनेजर स्क्रीनवरचा मजकूर वाचत होता. “कंपनीने अत्यंत जड अंतःकरणाने निर्णय घेतला आहे...” सहांपैकी एकाच्या बायकोला सातवा महिना होता. त्याने विचारलं, “सर, इन्शुरन्स दोन महिने चालू ठेवता येईल का?” मॅनेजर म्हणाला, “माझ्या हातात नाही रे, वरून आलंय.” एचआरने तेच सांगितलं. आम्ही मेल केला, उत्तर आलं, त्याखाली सही होती ‘टीम एचआर’. नाही म्हणणारा माणूस शेवटपर्यंत कुणाला दिसला नाही. अंतःकरण मात्र कंपनीला होतं.

ही सोय कायद्यानेच दिलेली आहे. लंडनमध्ये ऍरन सॉलोमन नावाचे बूट बनवणारे व्यापारी होते. त्यांनी धंदा कंपनीच्या नावावर केला. २०,००७ शेअर्सपैकी २०,००१ त्यांचे, उरलेले सहा घरच्यांचे. कंपनी बुडाली, तेव्हा देणी सॉलोमननीच भागवावीत असा दावा झाला. १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, तिची देणी सॉलोमनच्या डोक्यावर नाहीत.

आपल्याकडे कायद्याने आणखी एकाला व्यक्ती मानलंय, ते म्हणजे देवाला. कलकत्त्याच्या मलिक कुटुंबात घरच्या देवाची पूजा पाळीपाळीने होई. आपल्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी नेता येते का, यावरून भाऊबंदकी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली. १९२५ च्या निकालात म्हटलं गेलं की मूर्ती ही काही हलवाहलवीची मालमत्ता नाही, तिच्या इच्छेचाही मान ठेवला पाहिजे. पण ती इच्छा सांगणार कोण? भांडणारे भाऊ तर नाहीच. म्हणून ज्याचा यात काही स्वार्थ नाही असा प्रतिनिधी देवातर्फे नेमा, असं न्यायाधीशांनी सुचवलं.

मला हा भाग फार शहाणपणाचा वाटतो. देवाला व्यक्ती मानलं, पण देवाच्या नावाने बोलणाऱ्यावर डोळे झाकून भरवसा ठेवला नाही. गावाकडेही कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडतात, पण आधी विचारतात, “तू कोण? कुठून आलास? काय पाहिजे तुला?” उत्तर पटलं नाही तर म्हातारी माणसं सरळ म्हणतात, हे सोंग आहे.

ऑफिसात कंपनी अंगात येते तेव्हा असं कुणी विचारत नाही. “कंपनीला वाटतं”, “कंपनीचं धोरण आहे” असं बोलणाऱ्याचा आवाज बदलतो, वाक्यं बदलतात आणि आपण गुपचूप मान डोलावतो. कंपनीला स्वतःची भूक असते, हे जादूगारांचं म्हणणं मला पटतं. पण प्रत्येक निर्णयाखाली कुठेतरी एका माणसाने ‘अप्रूव्ह’ दाबलेलं असतं, हेही तितकंच खरं. एग्रेगोरला बटण दाबता येत नाही.

शेवट ठरवून ठेवण्याचा सल्ला न पाळल्याचं उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, ती फक्त १५ वर्षांसाठी. १६०९ मध्ये पुढच्या राजाने मुदतीची अट काढून टाकली. व्यापारासाठी घडवलेल्या त्या अस्तित्वाने पुढे मुंबई सांभाळली, १८१८ मध्ये पेशवाई संपवली, आणि ते विसर्जित झालं थेट १८७४ मध्ये. आपले पूर्वज तिला ‘कंपनी सरकार’ म्हणत, जणू एखादी सगुण साकार व्यक्ती गादीवर बसली आहे. पण तिच्या हुकमांवर माणसांच्या सह्या होत्या. म्हणून तर आज आपण एल्फिन्स्टनचं नाव घेऊन त्याच्या कारभाराविषयी भांडू शकतो.

‘टीम एचआर’शी भांडता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी “कंपनीने ठरवलंय” म्हणालं, तर हात जोडण्याआधी गावाकडचा प्रश्न विचारून बघावा: कोण बोलतंय?