‘स्पायडर’ची मान

मराठीतला अजगर म्हणजे बकरा गिळणारा. अज म्हणजे बकरा. उर्दूत तो अजदहा होतो आणि गोष्टींमधून आगही ओकतो. माझा एक जुना विद्यार्थी सध्या ज्याच्या मागे लागलाय तो बॉल पायथन मात्र उंदरावर भागवतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून ‘बॉल’.

मुलगा कोंढव्यात राहतो. जोडी आणायची, पिल्लं विकायची, असा बेत. रिक्षा चालवून अब्बांनी साठवलेले पैसे त्याला हवेत. अब्बा म्हणाले, “पहले सर से पूछ.”

त्याने वहीत चौकट काढून आणली होती, शाळेत मेंडेलच्या वाटाण्यांसाठी काढतो तीच. अल्बिनो रंग अप्रभावी. आईबाप दोघे दिसायला साधे तपकिरी, पण दोघांत एकेक अल्बिनो जनुक लपलेलं. तर सरासरी चार पिल्लांत एक पिवळंधमक. उरलेली तीन सारखीच दिसतात. त्यातल्या दोघांत जनुक असतं, एकात नसतं, आणि कोणात ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून बाजारात ती ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकली जातात. नुसत्या शक्यतेलाही भाव! मी त्याला म्हटलं, सरासरी म्हणजे हमी नव्हे. सहा अंडी धर आणि गुणाकार कर. साधारण सहा खेपांत एकदा सगळीच पिल्लं तपकिरी निघतील.

मग त्याने मोबाइलवर ‘स्पायडर’ दाखवला. सोनेरी अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. हे जनुक प्रभावी, एकाच पालकाकडून आलं तरी नक्षी उमटते. साध्या सापाशी जोडी लावली तरी सरासरी निम्मी पिल्लं तशी. धंद्याला सोयीचं. देखणा आहेच. पण त्याची मान थरथरते, डोकं गरगर फिरतं, उंदरावर मारलेली झडप चुकते. 2022 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सीटी स्कॅन करून पाहिलं, तर आतल्या कानातला तोल सांभाळणारा भागच बिघडलेला. नक्षी ठेवून हा दोष काढणं पैदासकारांना आजवर जमलेलं नाही.

“सर, खाते-पीते हैं ना!”

खात असतील. पण दुखणं आपोआप येणं वेगळं आणि डिझाइनसाठी मुद्दाम जोडी लावून ते जन्माला घालणं वेगळं. मला ते पटत नाही, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलं.

राहिला कायदा. आपला भारतीय अजगर घरात पाळताच येत नाही. परदेशी प्राण्याची 2024 च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या पुड्यांत, 9 बॉल पायथन सापडले होते. तेव्हा विकणाऱ्याकडे कागद आधी माग, पैसे नंतर.

वहीतली स्पायडरची चौकट त्याने खोडली. अल्बिनोची ठेवलीय. विकणारा म्हणतो, “कागद बाद में.” अब्बांचे पैसे अजून बँकेतच आहेत.